हरवणाऱ्याला काय म्हणायचे?

प्रश्न : आमच्या क्रीडा मंडळाच्या स्पर्धांचे वृत्तान्त, निकालफलक आणि प्रमाणपत्रांचा मजकूर मी लिहिते. ‘विजेता’ सोडून दुसरा शब्दच सुचत नाही. गेल्या स्पर्धेच्या वृत्तान्तात मी लिहिले होते : ‘मुलींच्या अंतिम सामन्यात विजेता अ संघाने गतविजेता ब संघाला मात दिली. अजिंक्य अ संघ विजेता झाला. ब संघ ३४–३१ असा हरवला गेला.’ एका ज्येष्ठ सदस्यांनी या तीन ओळींत पाच चुका दाखवल्या. (ब संघाने ही स्पर्धा तीन वर्षांपूर्वी जिंकली होती, गेल्या वर्षी क संघाने. अ संघ यंदा साखळीत एक सामना हरला होता.) समोरच्याला हरवणाऱ्यासाठी मराठीत किती शब्द आहेत, आणि कोणता कुठे वापरावा? शिवाय मुलांच्या नव्या संघाचे नाव ‘अजातशत्रू’ ठेवायचे चालले आहे. ते योग्य आहे का? मुलींच्या संघाचेही नाव ठरवायचे आहे.

उत्तर : शब्द भरपूर आहेत, पण तुमची अडचण शब्दांच्या तुटवड्याची नाही. ‘विजेता’ पाचदा आला की आपण त्याचे समानार्थी शब्द शोधू लागतो, आणि तिथेच घसरतो. मराठीत हरवणाऱ्याला नामे मोजकीच आहेत आणि त्या प्रत्येकाचा अर्थ अरुंद आहे. श्रीमंती आहे ती क्रियापदांत : हरवणे, नमवणे, मात करणे, धूळ चारणे, पाणी पाजणे, लोळवणे, धुव्वा उडवणे. म्हणून ‘विजेता’ दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली की दुसरे नाम शोधू नका. वाक्य क्रियापदावर उभे करा. ‘अ संघ विजेता झाला’ याऐवजी ‘अ संघाने ब संघाला नमवले’ लिहिले की नाम लागतच नाही.

तरीही नामे नीट माहीत हवीत, कारण निकालफलकावर आणि प्रमाणपत्रावर नामच लागते.

‘विजेता’ आणि ‘जेता’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी संस्कृतातला ‘जि’ हा धातू आहे. आज त्यांची कामे वाटली गेली आहेत. स्पर्धा जिंकणारा तो विजेता. प्रदेश किंवा लोक जिंकून घेणारा तो जेता. इतिहासलेखनात ‘जेते आणि जित’ ही जोडी येते : जिंकणारे आणि जिंकले गेलेले. शालेय कबड्डी स्पर्धेत ‘जेता संघ’ लिहिले तर जड वाटते. ‘जेतेपद’ मात्र मथळ्यात चालते, कारण ते ‘विजेतेपदा’पेक्षा आखूड आहे आणि वाचकाला परिचयाचे आहे. ‘विजेतापद’ लिहू नका. मराठीत जोडशब्द ‘विजेतेपद’ असाच रुळला आहे.

आता तुमची पहिली चूक. ‘विजेता अ संघाने’ हे ‘विजेत्या अ संघाने’ हवे. ‘विजेता’ आकारान्त आहे आणि पुढच्या नामाला ने, ला, चा, हून असे काही लागले की त्याचे सामान्यरूप होते : विजेता संघ, पण विजेत्या संघाने, गतविजेता खेळाडू, पण गतविजेत्या खेळाडूला. आपण ‘मोठा मुलाने’ म्हणत नाही, ‘मोठ्या मुलाने’ म्हणतो, तसेच हे. ही चूक फार पसरली आहे, कारण ‘विजेता’ हा शब्द शिक्क्यासारखा वापरला जातो आणि शिक्का वाकत नाही असे वाटते. घाईत लिहायचे असेल तर ‘विजयी’ वापरा. ते विशेषण कुठेच बदलत नाही : विजयी संघ, विजयी संघाने, विजयी मुली, विजयी मुलींना. फक्त ‘विजयी’ एकटे नाम म्हणून उभे राहत नाही. ‘विजयींना बक्षिसे दिली’ हे कानाला खटकते. तिथे ‘विजेत्यांना’च हवे.

स्त्रीलिंगी रूप ‘विजेती’, अनेकवचन ‘विजेत्या’. संस्कृताच्या नियमाने ते ‘विजेत्री’ होते, ‘अभिनेत्री’सारखे, पण मराठीने ‘विजेती’ स्वीकारले आहे आणि तेच लिहावे. विभक्ती लागली की ‘विजेतीला’, ‘विजेतीने’, आणि अनेकवचनात ‘विजेत्यांना’. इथे एक अडचण आहे. ‘विजेत्यांना’ हे रूप मुले आणि मुली दोघांसाठी सारखेच असते, त्यामुळे फक्त मुलींबद्दल बोलायचे असेल तर ‘विजेत्या मुलींना’ असे नाम जोडावे लागते. लिंग शब्दाचे पाहावे, माणसांचे नाही. ‘जोडी’ स्त्रीलिंगी आहे म्हणून दोन पुरुष असले तरी ‘विजेती जोडी’. ‘संघ’ पुल्लिंगी आहे म्हणून मुलींचा असला तरी ‘विजेता संघ’. तुमच्या वृत्तान्तात हे बरोबर होते.

प्रमाणपत्रासाठी एक सोपी वाट आहे. ‘विजेता/विजेती’ असे तिरकी रेघ मारून छापू नका. त्याने कागद अर्जासारखा दिसतो, आणि भरणारा नको ते खोडायला विसरतो. त्याऐवजी असे छापा : ‘या स्पर्धेत ________ यांनी विजेतेपद मिळवले.’ क्रियापद ‘पद’ या नपुंसकलिंगी शब्दाप्रमाणे चालते, म्हणून मुलगा, मुलगी, जोडी, संघ, कोणाचेही नाव रिकाम्या जागी बसते. संघाचे नाव असेल तर ‘यांनी’चे ‘या संघाने’ करा. ‘पटकावले’ वृत्तान्तात शोभते, प्रमाणपत्रावर ‘मिळवले’ किंवा ‘संपादन केले’ बरे. उपविजेत्यासाठी हेच वाक्य ‘उपविजेतेपद’ घालून चालते.

‘विजेता’ या शब्दाने नेहमी कोणाला तरी हरवलेले असते असे मात्र नाही. सोडतीतल्या ‘भाग्यवान विजेत्या’ने कोणाशीही झुंज घेतलेली नसते. पदकांच्या बाबतीत तर हे बारकाईने पाहावे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. ते ‘कांस्यपदक विजेते’. त्यांनी पदक जिंकले, स्पर्धा नव्हे. म्हणून ‘ऑलिम्पिक विजेता’ हे फक्त सुवर्णपदक मिळवणाऱ्याला म्हणा आणि बाकी दोघांच्या आधी पदकाचे नाव घाला. शंका असेल तर ‘पदकाचा मानकरी’ हा सुरेख शब्द आहे. तो जिंकण्यावर नाही, मिळालेल्या मानावर बोट ठेवतो, त्यामुळे पुरस्कार, किताब, पदक सगळीकडे चालतो.

दुसरी चूक ‘गतविजेता’. हा शब्द लागोपाठच्या मागच्या स्पर्धेच्या विजेत्यालाच लागतो. ब संघ तीन वर्षांपूर्वी जिंकला होता, म्हणून तो ‘माजी विजेता’. गतविजेता तुमच्या स्पर्धेत क संघ होता. क्रिकेटचे उदाहरण घ्या. वेस्ट इंडीजने १९७५ आणि १९७९ चे विश्वचषक जिंकले होते, म्हणून १९८३ च्या अंतिम सामन्यात भारतासमोर गतविजेते उभे होते. भारताने १८३ धावा करून त्यांना १४० वर गुंडाळले आणि ४३ धावांनी हरवले. त्या क्षणापासून वेस्ट इंडीज माजी विजेते झाले, आणि पुढच्या, १९८७ च्या विश्वचषकात गतविजेता म्हणून उतरला तो भारत. एका वेळी गतविजेता एकच असतो, माजी विजेते कितीही असू शकतात.

काही खेळांत किताब दरवर्षी मोकळा होत नाही. आव्हान देणारा येऊन हरवेपर्यंत तो एकाकडेच राहतो. तिथे ‘गतविजेता’ म्हणू नये, ‘विद्यमान’ म्हणावे, आणि आव्हान देणाऱ्याला ‘आव्हानवीर’. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला बुद्धिबळाच्या लढतीत डिंग लिरेन विद्यमान जगज्जेता होता आणि डी. गुकेश आव्हानवीर. १४ डावांची ती लढत ७.५–६.५ अशी संपली आणि जगज्जेतेपद गुकेशकडे आले. विश्वनाथन आनंद २०१३ मध्ये मॅग्नस कार्लसनकडून हरल्यापासून माजी जगज्जेता. कुस्तीतले ‘हिंदकेसरी’, ‘महाराष्ट्र केसरी’ हे किताब याहून वेगळे. ते एकदा मिळाले की नावापुढे जन्मभर राहतात. १९५९ चे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे पुढेही हिंदकेसरीच राहिले. अशा किताबांना ‘माजी’ लावणे बरोबर नाही, वर्ष लिहावे.

‘जगज्जेता’ लिहिताना दोन ज हवेत. जगत् आणि जेता यांचा संधी होताना त् चा ज् होतो, ‘सज्जन’मध्ये होतो तसाच. ‘जगतजेता’, ‘जगजेता’ ही रूपे चुकीची. अर्थाचीही एक गल्लत होते. विश्वचषक जिंकणारा प्रत्येक खेळाडू जगज्जेता नसतो. जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीला हरवले. ती विश्वचषक विजेती झाली, पण महिलांचे जगज्जेतेपद तेव्हा चीनच्या जू वेनजुनकडे होते. बुद्धिबळात या दोन वेगवेगळ्या स्पर्धा आहेत. क्रिकेटमध्ये विश्वचषक हीच सर्वोच्च स्पर्धा असल्याने तिथे ‘विश्वविजेता’ आणि ‘जगज्जेता’ दोन्ही चालतात. लिहिण्यापूर्वी त्या खेळात किताबाची रचना कशी आहे ते पाहून घ्या.

आता तिसरी चूक, ‘अजिंक्य’. तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचा इथला आक्षेप आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण वर्तमानपत्रेही इथे रोज चुकतात. तीन शब्द वेगळे ठेवा. ‘अपराजित’ म्हणजे आजवर हरलेला नाही. ही झालेल्या गोष्टीची नोंद आहे. ‘अजिंक्य’ म्हणजे ज्याला जिंकता येणारच नाही. हा क्षमतेबद्दलचा दावा आहे. ‘अजेय’चा अर्थही तोच, फक्त शब्द अधिक ग्रांथिक. मुरूडचा जंजिरा वारंवार प्रयत्न होऊनही मराठ्यांच्या हाती लागला नाही, म्हणून त्याला अजिंक्य म्हणतात. तिथे शब्द शोभतो. माणसांबाबत जपून. मुष्टियोद्धा माईक टायसन फेब्रुवारी १९९० पर्यंत ३७ लढती खेळून अपराजित होता. त्याला अजिंक्य म्हणणारे पुष्कळ होते. ११ फेब्रुवारीला टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत लोळवले. ‘अपराजित’ लिहिणाऱ्याचे शब्द त्या दिवसापर्यंत खरे राहिले. ‘अजिंक्य’ लिहिणाऱ्याचे कधीच खरे नव्हते. रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झाला, तरी त्याच्यासाठीही ‘अपराजित’ हाच नेमका शब्द.

अपराजित म्हणजे सगळे सामने जिंकलेला असेही नव्हे. इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत २००३–०४ च्या मोसमात आर्सेनल ३८ सामन्यांत एकदाही हरला नाही, पण त्यांतले २६ जिंकले आणि १२ बरोबरीत सुटले. तो संघ अपराजित खरा, ‘सर्व सामने जिंकणारा’ नव्हे. सगळेच्या सगळे जिंकले असतील तर ‘निर्भेळ यश’ हा शब्द वापरा. मालिकेतला एकही सामना हातचा न जाऊ देणाऱ्या संघासाठी तो नेमका आहे.

मग ‘अजिंक्यपद स्पर्धा’ हे काय? तो रुळलेला पारिभाषिक शब्द आहे, ‘चॅम्पियनशिप’साठी घेतलेला, आणि स्पर्धेच्या नावात तो तसाच ठेवावा. ‘अजिंक्यवीर’ही त्याच अर्थाने चालतो. पण स्पर्धेचे नाव अजिंक्यपद आहे म्हणून जिंकणाऱ्या संघामागे ‘अजिंक्य’ हे विशेषण लागत नाही. अ संघ साखळीत एकदा हरला होता. तो अजिंक्य तर नाहीच, अपराजितही नाही. तो विजेता आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

चौथी चूक ‘मात दिली’. मराठीत मात करतात, देत नाहीत, आणि ती कोणाला नव्हे, कोणावर करतात : ‘ब संघावर मात केली’. ‘मात दिली’ हे हिंदीतून आले आहे. ‘मात’ मुळात बुद्धिबळाची : राजाला शह बसला आहे आणि सुटकेची एकही चाल उरलेली नाही अशी स्थिती. त्यामुळे शह आणि मात यांची सरमिसळ करू नका. शह म्हणजे नुसता धोका. तो चुकवता येतो, त्याला काटशह देता येतो. ‘पहिल्या फेरीत अमक्याला शह देऊन दुसरी फेरी गाठली’ असे वाक्य वाचले की खेळ जाणणारा थबकतो, कारण शह देऊन कोणी पुढच्या फेरीत जात नाही.

क्रियापदे निवडताना प्रत्येकाचा प्रत्यय पाठ करा, कारण चुका अर्थापेक्षा इथे जास्त होतात. हरवणे, नमवणे, लोळवणे, धूळ चारणे, पाणी पाजणे, चितपट करणे यांना ‘ला’ : ब संघाला नमवले. पराभव करणे आणि धुव्वा उडवणे यांना ‘चा’ : ब संघाचा पराभव केला. मात करणे आणि विजय मिळवणे यांना ‘वर’. लिहिता लिहिता क्रियापद बदलले आणि प्रत्यय जुनाच राहिला की ‘ब संघावर पराभव केला’ असली वाक्ये तयार होतात. क्रियापद बदललेत की मागे जाऊन प्रत्यय तपासा.

प्रत्येकाचे वजनही वेगळे. ‘हरवणे’, ‘नमवणे’, ‘पराभव करणे’ कोणत्याही फरकाला चालतात. ‘धुव्वा उडवणे’ फक्त एकतर्फी सामन्याला. ३४–३१ ला धुव्वा म्हटले तर आकडा आणि शब्द भांडतात. तिथे ‘निसटता विजय’ किंवा ‘तीन गुणांनी मात’. ‘धूळ चारणे’ला प्रतिस्पर्धी बलाढ्य हवा. दुबळ्याला धूळ चारण्यात काय विशेष? ‘पाणी पाजणे’ बोलीतले आहे, त्यात थोडी खोडी आहे, मित्रत्वाच्या लढतीच्या वृत्तान्तात गोड लागते.

कुस्तीतून आलेले शब्द नेमके आहेत, म्हणून नेमकेच वापरावेत. पाठ जमिनीला लागली तरच ‘चीत’, आणि तेव्हाच ‘अस्मान दाखवले’, कारण उताण्या पडलेल्याला वर आकाशच दिसते. गुणांवर लागलेल्या निकालाला ‘चितपट’ लिहिले तर कुस्ती जाणणारा ते लगेच हेरतो. तिथे ‘गुणांवर विजय’ लिहा. कुस्ती जिंकणे याला ‘कुस्ती मारली’ असाही चपखल प्रयोग आहे. शुद्धलेखनात ‘चीत’ दीर्घ आणि ‘चितपट’ ऱ्हस्व. दुसऱ्या खेळांत हे शब्द लाक्षणिक अर्थाने येतात, तेव्हाही पराभव पुरता झालेला असावा. ‘चारी मुंड्या चीत’ तर संपूर्ण पाडावासाठीच राखून ठेवा.

काही शब्द हरवण्याचे वाटतात, पण नाहीत. ‘जेरीस आणणे’, ‘नाकी नऊ आणणे’, ‘घाम फोडणे’ यांत समोरचा दमतो, हरतोच असे नाही. उलट हरणाऱ्या संघाने विजेत्याला कसे झुंजवले हे सांगायला ते उत्तम. ‘कुरघोडी’ म्हणजे वरचढ होण्याची खटपट, निकाल नव्हे. ‘तोडीस तोड’ तर बरोबरीचा शब्द आहे. ‘पुरून उरणे’ मात्र जिंकणाऱ्याचे : अनेकांना एकटा भारी पडला असे सांगायचे असेल तेव्हा. ‘नांगी टाकली’, ‘शरणागती पत्करली’, ‘दाती तृण धरले’ या वाक्यांचा कर्ता हरणारा असतो आणि त्यांत अवहेलना आहे. शाळकरी मुलांच्या वृत्तान्तात त्यांना जागा देऊ नका. हरलेल्या मुली तो कागद जपून ठेवणार असतात.

काय जिंकले यावरही क्रियापद ठरते. गड किंवा शिखर ‘सर’ करतात, मोहीम ‘फत्ते’ होते, मुलूख ‘काबीज’ करतात, स्पर्धेत ‘बाजी मारतात’. माणसाला हरवले असे सांगताना यांपैकी एकही क्रियापद लागत नाही. ‘जिंकणे’ सुद्धा सामन्याला, डावाला, स्पर्धेला लागते. माणसाला जिंकले म्हटले की आजच्या मराठीत मन जिंकले असा अर्थ होतो. त्याची रचनाही लक्षात ठेवा : ‘ती सामना जिंकली’ आणि ‘तिने सामना जिंकला’ दोन्ही शुद्ध. ‘तिने सामना जिंकली’ हे मात्र दोहोंची खिचडी.

पाचवी चूक ‘हरवला गेला’. ‘हरवणे’ला दोन अर्थ आहेत आणि कर्मणी रचनेत गोंधळाचा अर्थ पुढे येतो. ‘तो हरला’ म्हणजे पराभूत झाला. ‘तो हरवला’ म्हणजे सापडेनासा झाला. ‘ब संघ हरवला गेला’ वाचताना वाचक क्षणभर संघाला शोधू लागतो. हरणाऱ्यावर वाक्य उभे करायचे असेल तर ‘ब संघ ३१–३४ असा पराभूत झाला’ लिहा. कर्ता हरणारा असेल तेव्हा त्याचे गुण आधी, जिंकणारा असेल तेव्हा जिंकणाऱ्याचे आधी. आकड्यांचा क्रम वाक्याच्या कर्त्याशी जुळला पाहिजे.

याच ओघात ‘कडून’बद्दल सावध करतो. ‘तो पाहुण्या संघाकडून हरला’ याचे दोन अर्थ होतात : पाहुण्या संघाने त्याला हरवले, किंवा तो पाहुण्या संघासाठी खेळत असताना हरला. संघाच्या नावाशी ‘कडून’ आले की वाक्य उलटवून जिंकणाऱ्याला ‘ने’ लावा : ‘पाहुण्या संघाने त्याला हरवले’. धक्कादायक निकालात हरणाऱ्याला आधी आणा : ‘गतविजेत्यांना नवख्या संघाने नमवले’. मराठीत शब्दक्रम सैल असल्याने जोर कुठे द्यायचा ते तुमच्या हातात आहे. क्रिकेटच्या निकालात पहिली फलंदाजी करणारा ‘इतक्या धावांनी’ जिंकतो आणि पाठलाग करणारा ‘इतके गडी राखून’. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने श्रीलंकेला ६ गडी राखून हरवले. ‘६ गड्यांनी’ असे लिहू नये, कारण ते ६ गडी बाद झालेले नव्हते, शिल्लक होते.

संघाच्या नावाकडे वळू. ‘अजातशत्रू’ म्हणजे ज्याला शत्रूच जन्मलेला नाही असा. युधिष्ठिराचे ते विशेषण त्याच्या सौजन्यामुळे आहे, पराक्रमामुळे नव्हे. सर्वांशी जुळवून घेणाऱ्या माणसाला आपण अजातशत्रू म्हणतो. प्रतिस्पर्ध्याला हरवायला मैदानात उतरणाऱ्या संघाला ते नाव बसत नाही. शत्रूला जिंकणारा या अर्थाची नावे वेगळी : अरिंदम म्हणजे शत्रूचे दमन करणारा, परंतप म्हणजे शत्रूला ताप देणारा, रणजित म्हणजे रणात जिंकणारा. शत्रुंजयचाही अर्थ तोच, पण त्या नावाचे जैन तीर्थक्षेत्र प्रसिद्ध आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला आधी ते आठवेल. धनंजयमध्ये शत्रू नाही, धन जिंकून आणणे आहे. मुरारी, मधुसूदन, महिषासुरमर्दिनी ही एकेका विशिष्ट शत्रूशी बांधलेली नावे, संघाला नकोत.

‘जित’ने संपणाऱ्या नावांत एक बारीक फसगत आहे. रणजित, इंद्रजित, विश्वजित यांतला शेवट मुळात ‘जित्’ आहे, म्हणजे जिंकणारा. पराजित, अजित यांतला ‘जित’ म्हणजे जिंकला गेलेला, म्हणून अजित म्हणजे जिंकला न गेलेला. मराठीत पायमोडके चिन्ह गळले आणि दोन्ही सारखे दिसू लागले. नवे नाव घडवताना हे माहीत नसेल तर हौसेने संघाला ‘हरलेला’ म्हणून बसण्याचा धोका असतो. मुलांच्या संघाला आमची पसंती ‘अरिंदम’ला. उच्चार सोपा, अर्थ स्वच्छ, आणि एक सामना हरला तरी नाव खोटे पडत नाही. ‘अपराजित’ पहिल्याच पराभवाला खोटे पडेल. मुलींच्या संघासाठी ‘अपराजिता’ला तीच अडचण, जरी गोकर्णीच्या फुलाचे ते नाव असल्याने ऐकायला सुंदर असले. ‘रणरागिणी’ मात्र निःशंक घ्या. त्यात त्वेषाने लढण्याची गोष्ट आहे, निकालाचे वचन नाही.

तुमचा वृत्तान्त आता असा होईल : ‘मुलींच्या अंतिम सामन्यात अ संघाने माजी विजेत्या ब संघावर ३४–३१ अशी निसटती मात केली. साखळीत एक सामना गमावलेल्या अ संघाला ब संघाने शेवटपर्यंत झुंजवले. गतविजेता क संघ यंदा अंतिम फेरी गाठू शकला नाही.’ यात ‘विजेता’ हा शब्द अ संघासाठी एकदाही आलेला नाही, तरी कोण जिंकले याबद्दल शंका राहत नाही. तो शब्द निकालफलकासाठी ठेवा. तिथे वर ‘विजेता : अ संघ’, खाली ‘उपविजेता : ब संघ’, आणि गुण त्याच क्रमाने.